सात नंबरच्या चिठ्ठ्या

मला भांडायला आवडतं, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई सुरुवातीला फार गरीब वाटली होती. कारखान्यात पंखा बंद पडला की पहिला आवाज माझा, चहा पाणचट आला की पहिला कप परत माझा. आमचे हे म्हणतात, तुझी जीभ मशीनला जोडली तर मालकाचं विजेचं बिल वाचेल. अशा मला त्या एका आठवड्यात तोंड उघडता आलं नाही. त्याची ही हकीकत.

आमची कॉलरची लाइन. बारा मशिनी, बारा बायका. अख्खा शर्ट आम्ही कधी शिवत नाही, दिवसभर फक्त कॉलरी. उलट्या बाजूने शिवायची, टोकं कातरायची, सुलटी करायची, वरून टीप मारायची. वीस कॉलरींचा एक गठ्ठा. गठ्ठा झाला की चिंधीने बांधायचा आणि चिंधीत एक चिठ्ठी खोचायची. त्या चिठ्ठीवर आपल्या हाताने आपल्या मशीनचा नंबर लिहायचा आणि गठ्ठा लाइनच्या टोकाच्या पेटाऱ्यात टाकायचा. कुणी किती काम केलं ते या चिठ्ठ्यांवरून कळतं. दुसरा हिशेब नाही.

माझा नंबर नऊ. माझ्या मागे दहा नंबरवर माझी धाकटी जाऊ. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, बोलायला माझ्या अगदी उलट. दिवसाला दहा वाक्यं बोलली तर त्यातली सहा ‘हो ताई’ असायची. माझ्यापुढे एक मशीन सोडून सात नंबरवर मावशी.

मावशी आमच्या कुणाच्याच मावशी नव्हत्या आणि सगळ्यांच्या होत्या. कॉलरचं टोक सुईने न फाडता कसं बाहेर काढायचं, हे लाइनीतल्या प्रत्येकीला त्यांनी शिकवलं होतं. मी नवी होते आणि माझ्या दोन गठ्ठ्यांची टोकं फाटली, तेव्हा ती फाटकी टोकं त्यांनी आपल्या पिशवीत लपवून घरी नेली आणि रात्रीतून दुरुस्त करून आणली. माझ्या जावेच्या वेळी तर त्या आठवडाभर तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. आता त्यांची नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवायला त्यांना चार खेपा लागायच्या. आम्ही वीस-एकवीस गठ्ठे काढायचो तिथे त्यांचे दहा-अकरा निघायचे. घरी नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, दुसरं कमावणारं कुणी नाही. त्या कधी याबद्दल बोलायच्या नाहीत. आम्हाला माहीत होतं एवढंच.

त्या वर्षी माल उठेना. दुकानं शर्ट मागवीनात, आधी घेतलेले परत पाठवू लागली. आधी ओव्हरटाइम गेला, मग शनिवारचा चहा गेला, मग बाह्यांची लाइन गेली. बाह्यांच्या बायका एका सोमवारी आल्या तर त्यांच्या मशिनींवर प्लॅस्टिक घातलेलं. आमच्या घरात तर ही मंदी आधीच येऊन पाय पसरून बसली होती. यांचा फर्निचरचा कारखाना सात महिन्यांपूर्वी बंद पडला. दीर ट्रक चालवतो, त्याला आठवड्यातून दोन दिवस माल मिळायचा. घरात सात तोंडं, तीन त्यातली शाळेत जाणारी. त्यांना खायला घालणारे हात म्हणजे मी आणि माझी जाऊ.

तो सोमवार उजाडला. सुपरवायझर लाइनच्या टोकाला येऊन उभा राहिला. त्याला आम्ही मोजपट्टी म्हणायचो, कारण ती त्याच्या गळ्यात सदान्‌कदा असायची. तो म्हणाला, “बायांनो, बारातल्या चार कमी करायच्यात. मी ठरवणार नाही. वरून सांगितलंय, या आठवड्याचे गठ्ठे मोजायचे. सोमवार ते शनिवार. ज्या चार खाली, त्या चार घरी. शनिवारी संध्याकाळी यादी लागेल.”

“आणि मशीन बिघडलं तर?” मी विचारलं.

“तर लवकर दुरुस्त होवो म्हणून प्रार्थना करा,” तो म्हणाला आणि गेला.

कुणी मावशींकडे पाहिलं नाही. बारापैकी अकरा जणी खाली मान घालून शिवत होत्या आणि त्यावरूनच कळत होतं की प्रत्येकीच्या मनात सात नंबर आहे. मावशींनी मात्र सुईत दोरा ओवला, तिसऱ्या खेपेला गेला, आणि त्यांनी कामाला सुरुवात केली.

दुपारच्या सुट्टीत मी जावेला नळाजवळ गाठलं. “हे बघ,” मी म्हटलं, “मावशी गेल्या तर मला आरशात तोंड बघवणार नाही. आपण दोघींनी रोज एकेक गठ्ठा त्यांच्या नावाने टाकायचा. चिठ्ठीवर सात लिहायचं. आपल्या घरातून रोज दोन. कुणाला बोलायचं नाही. तोंडातून शब्द गेला की मोजपट्टीच्या कानात.”

“हो ताई,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी एकवीस गठ्ठे काढले आणि त्यातल्या एकावर ‘७’ लिहिलं. मंगळवारीही तसंच. बरं वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी जाताना मी जावेला म्हटलंसुद्धा, “बघ, सगळ्या नुसत्या मावशी-मावशी करतात, वेळेला आपण दोघीच.”

बुधवारी सकाळी माझ्या मशीनचा पट्टा तुटला.

मेकॅनिक बाह्यांच्या लाइनबरोबरच गेला होता. मोजपट्टीने कुठून तरी जुना पट्टा शोधून आणला, तो बसेना, मग कापला, मग शिवला. दोन तास गेले. दोन तास मी खुर्चीवर बसून इतर अकरा मशिनींचा आवाज ऐकत होते. तो आवाज एरवी आम्हाला ऐकूच येत नाही. त्या दिवशी प्रत्येक मशीन माझ्या पुढे पळत होतं. मला घरातली सात तोंडं दिसायला लागली. यांचे दिवसभर रिकामे असलेले हात दिसायला लागले. सुट्टीत डबा उघडला पण घास गिळवेना, आणि जाऊ “ताई, थोडं तरी खा,” म्हणाली तर मी तिच्यावरच खेकसले.

संध्याकाळी माझे सोळा गठ्ठे झाले. सोळाव्या गठ्ठ्यासाठी मी चिठ्ठीवर सात लिहिलं. ते फाडलं. परत लिहिलं. परत फाडलं. मग नऊ लिहिलं आणि पेटाऱ्यात टाकून दिलं. उद्या दोन टाकीन, असं स्वतःला सांगितलं. गुरुवारी वाटलं, कालची भरपाई तर होऊ दे. शुक्रवारी काही वाटेनासं झालं. शनिवारी मी मावशींच्या बाजूला मान वळवायचंही टाळलं. चार दिवस, चार गठ्ठे. जावेला मी काहीच सांगितलं नाही. ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालत घरी येत होती आणि मी भाजीच्या भावाबद्दल तावातावाने बोलत होते.

शनिवारी साडेपाचला यादी लागली. फळ्यावर बारा आकडे, वरपासून खालपर्यंत.

सगळ्यात वर सात नंबर. एकशेतीस गठ्ठे.

आधी आम्हाला वाटलं, मोजपट्टीची चूक झाली. दुसऱ्या जागेवर जी होती तिला आम्ही आगगाडी म्हणायचो, कारखान्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचे एकशे सव्वीस. ती फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “मी रोज एक दिला होता. फक्त एक.” मग तीन नंबरवाली म्हणाली, “मीपण.” मग बारा नंबरवाली. मग सगळ्याच. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच देतोय, आणि प्रत्येकीने त्या भरात रोज एक, कधी दोन गठ्ठे मावशींच्या नावावर घातले होते. एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं. नुसती पाचजणींनी मदत केली असती तर मावशी मधे कुठे तरी गुपचूप राहिल्या असत्या. आम्ही त्यांना पार शेंड्यावर नेऊन बसवलं.

आगगाडी हसायला लागली. मग आम्ही सगळ्याच हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग खालचे चार आकडे वाचले.

एक नंबर, पाच नंबर, अकरा नंबर. या तिघी तशाही सावकाश काम करायच्या आणि त्यांनीही, त्या वेड्यांनी, आपल्या पानातलं मावशींना वाढलं होतं. आणि चौथा नंबर दहा. एकशे पंधरा. माझी जाऊ.

तिच्या वरच नऊ नंबर. एकशे अठरा. राहणाऱ्यांत मी सगळ्यात शेवटची.

हिशेब करायला मला कागद लागला नाही. माझे न दिलेले चार गठ्ठे मी दिले असते तर माझे एकशे चौदा झाले असते. मग मी घरी आणि जाऊ कामावर. मी तिच्याकडे पाहिलं. ती फळ्याकडे बघत होती, बाकावरची वस्तू जागेवर आहे की नाही ते बघावं तशी. मग तिने आपली कात्री चिंधीत गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. कात्री आमची स्वतःची असते.

मोजपट्टी मागे येऊन उभा होता. “बघा,” तो म्हणाला, “साठीच्या बाईने एकशेतीस काढले. म्हणजे जमतंय. सोमवारपासून प्रत्येकीचे बावीस गठ्ठे. रोज. कमी पडले तर मला सांगायची गरज नाही, मला कळेलच.”

मावशी एवढा वेळ फळ्यापासून लांब उभ्या होत्या. त्यांना आकडे दिसत नव्हते. कुणी तरी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते परत एकदा वाचायला लावलं.

रविवारी घरी दीर म्हणाला, “होईल काही तरी.” आमचे हे म्हणाले, “एक तरी राहिली, हे नशीब.” त्या वाक्यावर जाऊ म्हणाली, “हो ना.” मी भांडी घासत होते. एक भांडं मी तीनदा घासलं.

सोमवारी मावशी मशीनवर बसल्याच नाहीत. त्या सरळ मोजपट्टीच्या टेबलाशी गेल्या. टेबल लाइनीतच आहे, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

“साहेब, माझे गठ्ठे माझे नव्हते,” त्या म्हणाल्या. “पोरींनी टाकले. माझं नाव काढा आणि दहा नंबरला परत बोलवा. ती लहान आहे, तिचा हात अजून चालेल.”

मोजपट्टीने खण उघडला आणि सात नंबरच्या चिठ्ठ्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. “मावशी, मला काय डोळे नाहीत? एका माणसाच्या हातचा सात बारा तऱ्हेचा असतो का? हा बघा, याची शेपूट वर. हा आडवा पडलेला. हा तर उलटा लिहिलाय.” त्याने खण बंद केला. “मला तेव्हाच कळलं होतं. पण वरच्यांना एक आकडा हवा होता, तो तुम्ही मिळवून दिलात. आता मी हे खोटं आहे म्हणून सांगितलं तर ते म्हणतील, खोट्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सगळ्यांनाच काढा. सांगू?”

मावशींचा हात चिठ्ठ्यांवर गेला.

“तुम्हाला जायचं असेल तर जा,” तो म्हणाला, आता जरा हळू आवाजात. “माझा नाइलाज आहे. पण दहा नंबर परत येणार नाही. चारऐवजी पाच झाल्या, तर वर कुणाला वाईट वाटणार नाहीये.”

त्यांनी त्या चिठ्ठ्या हातात घेतल्या. एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. बहुतेक त्यांना कोणती कुणाची ते ओळखू येत होतं, कारण त्यांनी आमच्या प्रत्येकीचा हात धरून शिकवलं होतं. मग त्यांनी त्या सारख्या करून टेबलावर ठेवल्या आणि त्या निघाल्या. जाताना प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत गेल्या. माझ्या खांद्यालाही लावला.

मी उठून मोजपट्टीच्या गळ्यातली ती पट्टी ओढायला हवी होती. एरवी पंख्यासाठी आकाशपाताळ एक करणारी मी. त्या दिवशी सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या, की आता ही उठेल, आता ही बोलेल. मी सुईत दोरा ओवला आणि पाय खाली दाबला. मला बावीस गठ्ठे काढायचे होते. माझे एकोणीस झाले.

घरी आले तेव्हा जाऊ नुकतीच परतली होती. दिवसभर ती दारोदार फिरली होती. एका ठिकाणी तर दारावरच पाटी होती, ‘कामासाठी विचारू नये’, आणि तरी ती विचारून आली होती. तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. मुलं बाहेर होती, आमचे हे बाहेरच्या खोलीत खुर्चीचा पाय दुरुस्त करत बसले होते. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही.

“मावशी गेल्या,” मी म्हटलं. आणि मग एका दमात सांगून टाकलं. “आणि ऐक. मी बुधवारपासून गठ्ठा दिला नाही. पट्टा तुटला आणि माझी गाळण उडाली. चार दिवस मी नुसतं माझंच पाहिलं. तू बिचारी देत राहिलीस. तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला काय बोलायचं ते बोल.”

ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मला माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “मी मागेच बसते ना. तुम्ही बुधवारी चिठ्ठी लिहिलीत आणि फाडलीत. दोनदा.”

“मग?”

“मग काय. तुमचा हात थांबला म्हणून मी दोन टाकले. चारही दिवस. तुम्ही म्हणाला होतात ना, आपल्या घरातून रोज दोन. मला काय माहीत बाकीच्याही देतायत. वाटलं, आपला एक कमी पडायचा आणि तेवढ्यासाठी मावशी जायच्या.”

मी कप खाली ठेवला. एकशे पंधरा आणि चार, एकशे एकोणीस. माझे एकशे अठरा. माझ्या वाटचे चार तिने टाकले नसते, तर ती राहिली असती आणि यादीतली चौथी मी असते. तिने स्वतःचे सहा दिलेच होते. वरचे चार माझे दिले होते. त्या चारांत तिची नोकरी गेली होती.

“आणि मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही जेवत नव्हतात, ताई. सारख्या दचकत होतात. कशाला तुम्हाला आणखी टोचायचं?”

मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. तोंडातून भलतंच निघालं. “तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?” मी ओरडले. “कुणी सांगितलं होतं माझे गठ्ठे टाकायला? अक्कल आहे का तुला? पोरं आहेत, घर आहे, काही कळतं का?” माझा आवाज फाटला होता, आणि मला थांबता येत नव्हतं.

बाहेरून हे दारात आले. हातोडी हातातच. “अगं, काय चालवलंयस?” ते म्हणाले. “पोरीची नोकरी गेलीये. आजचा दिवस तरी तिला बोलू नकोस. तुझी राहिली ना? मग?”

मी तोंड उघडलं. ‘जायची होती ती माझी,’ एवढं एकच वाक्य होतं ते. पण जाऊ माझ्या आधी बोलली, आयुष्यात पहिल्यांदाच.

“नाही भाऊजी,” ती म्हणाली, “ताई माझ्या भल्याचंच बोलतायत.”

ते मान हलवून परत गेले, आणि मी त्यांना जाऊ दिलं. सकाळी मी उठले तेव्हा तिने माझा डबा भरून पिशवीत ठेवला होता. मी तो उचलला आणि कामाला गेले.